पानावर न लिहिलेले स्वर: व्हिओल आणि हार्पसिकॉर्डच्या मैफलीत काय घडते

पॅरिसमध्ये पँथिऑन या स्मारकाच्या मागच्या बाजूला, एका जुन्या शाळेच्या आवारात, एक उंच दगडी मनोरा आहे. तो सँत जनव्हिएव्हच्या मठाचा. मठाचे चर्च एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आले आणि मनोरा तेवढा मागे राहिला. त्या मठाच्या घंटांची आठवण मात्र संगीतात टिकून आहे, कारण मारँ मारे या फ्रेंच संगीतकाराने 1723 मध्ये त्यांच्या नादावर बेतलेली एक रचना प्रसिद्ध केली. तिचा पाया अवघ्या तीन स्वरांचा आहे. आपल्या स्वरनामांत सांगायचे तर सा, कोमल गंधार, रिषभ. पुन्हा सा, कोमल गंधार, रिषभ. हे तीन स्वर खालच्या सप्तकात फिरत राहतात, मधे काही ठिकाणी आधारस्वर बदलून दुसरीकडे सरकतात आणि परत मूळ जागी येतात. त्यांच्यावर व्हायोलिन आणि व्हिओल ही गजाने वाजवायची दोन वाद्ये सुमारे आठ मिनिटे नवनवे आकार रचत जातात आणि हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे दिसणारे वाद्य त्या दोघांना धरून ठेवते.

या रचनेची जुनी छापील प्रत पाहिली, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. हार्पसिकॉर्डवादकाच्या दोन हातांसाठी तिथे एकच ओळ आहे: खालचे स्वर आणि त्यांच्यालगत छापलेले काही आकडे. मग मैफलीत त्याच्या उजव्या हातातून जे ऐकू येते, ते आले कुठून? युरोपात ज्याला ‘अर्ली म्युझिक’ म्हणतात, त्या जुन्या संगीताला वाहून घेतलेले वाद्यमेळ म्हणजे जुने कागद समोर ठेवून त्यांत लिहिलेले तसेच्या तसे वाजवणारी मंडळी, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. साधारण 1600 ते 1750 या काळातील म्हणजे बरोक संगीताच्या पानावर बरेचसे लिहिलेलेच नसते. जे लिहिलेले नाही ते वादकाला माहीत असेल, असे रचनाकाराने गृहीत धरलेले असते. बंदिशीची दोन ओळींची नोंद पाहून तिच्या गायनाची कल्पना जितकी येते, तितकीच या पानावरून मैफलीची येते, असे म्हटले तर मराठी श्रोत्याला मुद्दा पटकन समजेल.

आधी वाद्ये पाहू. व्हिओल दुरून चेलोसारखे दिसते, आणि ते चेलोचे पूर्वज आहे असे अनेकदा सांगितले जाते. हे चूक आहे. चेलो व्हायोलिनच्या घराण्यातला. व्हिओलचे घराणे वेगळे, आणि दोन्ही घराणी दीडदोन शतके शेजारी शेजारी नांदत होती. ‘व्हिओला दा गाम्बा’ या इटालियन नावात ‘गाम्बा’ म्हणजे पाय. लहान असो वा मोठे, हे वाद्य पायांच्या आधाराने उभे धरूनच वाजवतात. मोठ्या व्हिओललाही चेलोसारखा जमिनीवर टेकणारा खिळा नसतो, ते पोटऱ्यांमध्ये तोलून धरावे लागते. पाठ बहुधा सपाट असते, खांदे उतरते असतात आणि तारा सहा असतात. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खर्जाची सातवी तार जोडली गेली. ती जोडण्याचे श्रेय सँत कोलोंब या वादकाला देतात.

मराठी श्रोत्याला या वाद्यात ओळखीच्या दोनतीन गोष्टी दिसतील. व्हिओलच्या मानेवर पडदे असतात, आणि ते सतारीच्या पडद्यांप्रमाणे बांधलेले, म्हणून सरकवता येण्याजोगे असतात. फरक इतकाच, की सतारीचे पडदे धातूचे आणि दोऱ्याने बांधलेले, तर व्हिओलचे पडदे म्हणजे मानेभोवती गुंडाळून गाठ मारलेली तातच. तारा सारंगीच्या मुख्य तारांप्रमाणे तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या. गजही सारंगीप्रमाणे खालून, तळहात वरच्या बाजूला ठेवून धरतात. या पकडीमुळे वादकाचे मधले बोट थेट गजाच्या केसांवर येते आणि वाजवता वाजवता केसांचा ताण त्याला कमीजास्त करता येतो. एकच लांब स्वर सुरुवातीला हलका, मध्यावर भरलेला आणि शेवटी विरून जाणारा असा जो ऐकू येतो, त्याचे रहस्य या एका बोटात असते. पडद्यांचाही एक परिणाम आहे. बोटाने दाबलेली तार पडद्यावर टेकते, त्यामुळे तिचा नाद मोकळ्या तारेसारखा घुमतो आणि गज उचलल्यावरही क्षणभर मागे रेंगाळतो. व्हिओलच्या आवाजातील ती काहीशी दूरची, किंचित नाकातली कातरता यातून येते. आवाज मोठा नसतो. खोलीतल्या पंचवीसतीस माणसांसाठी तो पुरेसा आहे.

हार्पसिकॉर्ड पियानोसारखे दिसते, पण त्याचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. पियानोत हातोडी तारेवर आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी दाबली, की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली एक पातळ लाकडी कांब वर उचलली जाते. तिला जॅक म्हणतात. जॅकच्या वरच्या बाजूला एक लहानशी हलती जीभ असते आणि त्या जिभेत कावळ्यासारख्या पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याचा एक तुकडा बसवलेला असतो. सतारियाच्या बोटावरची नखी जे काम करते, ते इथे हा पिसाचा तुकडा करतो: वर जाताना तो तारेला छेडून पुढे निघून जातो. बोट उचलले, की जॅक खाली येतो. पण खाली येताना तार पुन्हा छेडली जाऊ नये म्हणून ती जीभ मागे कलते, पीस तारेला चाटून खाली घसरते आणि जॅकला लावलेला कापडाचा तुकडा तारेवर टेकून नाद थांबवतो. हे सगळे एका स्वरासाठी, आणि प्रत्येक स्वरासाठी असा निदान एक जॅक. आजकाल पिसाऐवजी बहुधा प्लॅस्टिकचा तुकडा बसवतात, कारण पीस झिजते आणि मोडते.

या बांधणीचा एक अटळ परिणाम असा, की पट्टी हळू दाबा किंवा जोरात, आवाज जवळजवळ तितकाच येतो. ज्याला लहानमोठा आवाज काढता येत नाही, तो वादक भाव व्यक्त कसा करणार? वेळेने. एखादा महत्त्वाचा स्वर तो केसभर उशिरा आणतो, आणि त्या रिकाम्या जागेमुळे कान त्या स्वराकडे वळतो. कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहातले, स्वर एकदम न दाबता तो ते खालून वर पसरत नेतो, कधी संथ, कधी झटक्यात. जोर हवा असेल तिथे एका वेळी सहासात स्वर दाबतो आणि नाजूक जागी एकदोनच ठेवतो. हार्पसिकॉर्ड कोरडे वाटते अशी तक्रार ऐकू येते. माझ्या मते ती बहुधा या वेळेच्या खेळाकडे कान न गेल्यामुळे होते.

आता त्या आकड्यांकडे येऊ. खालच्या स्वरांची ओळ आणि तिच्यावरचे आकडे या पद्धतीला बासो कोंतिनुओ म्हणतात, आणि बरोक संगीताची जवळजवळ सारी इमारत तिच्यावर उभी आहे. आकडा हा खालच्या स्वरापासून मोजलेले अंतर सांगतो. खालचा स्वर सा असेल आणि आकडा काहीच नसेल, तर त्यावर तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा, म्हणजे सा, ग, प. तिथेच 6 लिहिलेला असेल, तर पंचमाऐवजी सहावा स्वर घ्यायचा: सा, ग, ध. 7 असेल तर निषादही आला. 4 आणि लगोलग 3 असेल, तर आधी मध्यम घेऊन कानाला थोडे ताटकळत ठेवायचे आणि मग गंधारावर उतरायचे. इतके समजायला सोपे आहे. अवघड भाग पुढचा. हे स्वर कोणत्या सप्तकात घ्यायचे, किती दाट घ्यायचे, एकदम की पसरून, मधल्या जागा भरायच्या की मोकळ्या सोडायच्या, व्हिओलने आत्ताच घेतलेल्या एखाद्या वळणाला उत्तर द्यायचे की गप्प राहायचे, यांपैकी काहीही आकडे सांगत नाहीत. प्रत्येक मैफलीत, समोरच्या वादकाचा श्वास आणि गजाची लांबी पाहून, हार्पसिकॉर्डवादक ते ठरवतो. ख्यालाला हार्मोनियमची साथ करणारा गायकाच्या मागे राहून त्याची वाट मोकळी ठेवतो, तोच विवेक इथे लागतो. सोबत बऱ्याचदा दुसरा व्हिओलवादक खालच्या स्वरांची ओळ वाजवत असतो, कारण हार्पसिकॉर्डचा स्वर छेडल्याबरोबर विरू लागतो आणि लांब स्वर टिकवायला गज हवा.

मारेच्या व्हिओलच्या पहिल्या ग्रंथाबाबत एक बोलकी गोष्ट आहे. तो 1686 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात एका किंवा दोन व्हिओलांचेच सूर होते. साथीच्या बासची ओळ 1689 मध्ये वेगळी छापून आली.

सर्वच रचनांमध्ये हार्पसिकॉर्डला असे मोकळे सोडलेले नसते. बाख या जर्मन रचनाकाराच्या व्हिओला दा गाम्बा आणि हार्पसिकॉर्डसाठीच्या तीन सोनाटांमध्ये बहुतेक ठिकाणी उजव्या हाताचा स्वरन् स्वर लिहिलेला आहे आणि तो हात व्हिओलच्या बरोबरीने संवाद करतो. रामो या फ्रेंच रचनाकाराने 1741 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मैफली-रचनांत तर हार्पसिकॉर्डच मध्यवर्ती आहे आणि व्हायोलिन व व्हिओल त्याला वेढून चालतात.

मारे स्वतः कोण होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1656 मध्ये पॅरिसमधील एका चर्मकाराच्या घरी त्याचा जन्म झाला आणि 1679 मध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात व्हिओलवादक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच्या शिक्षणाची एक कथा एव्रार तितों द्यू तिये या लेखकाने 1732 मध्ये नोंदवली आहे. सँत कोलोंबने त्याला सहा महिने शिकवले आणि शिष्य आपल्या पुढे जाईल हे दिसताच शिकवणे थांबवले. गुरू उन्हाळ्यात बागेतल्या तुतीच्या झाडावर बांधलेल्या लाकडी खोलीत बसून निवांत रियाज करीत असे. शिष्य त्या खोलीखाली लपून ऐकत राही आणि गजाच्या खास युक्त्या उचलत असे. आपल्याकडच्या घराण्यांमध्ये भिंतीआडून ऐकून विद्या मिळवल्याच्या ज्या कथा सांगतात, त्यांची आठवण होते. कथा शब्दशः खरी असो वा नसो, विद्या कागदावरून नव्हे तर कानातून जात होती हे तिच्यातून कळते.

तरीही मारेने कागदावर शक्य तितके उतरवण्याचा आटोकाट प्रयत्न केला, आणि त्याबद्दल आजचे वादक त्याचे ऋणी आहेत. 1686 ते 1725 या काळात त्याचे व्हिओलचे पाच ग्रंथ निघाले. त्यांच्या प्रस्तावनांत तो आपल्या खुणा समजावून सांगतो. स्वरानंतर स्वल्पविराम दिसला की वरच्या स्वराशी झुलता कंप घ्यायचा. फुलीची खूण दिसली की खालच्या स्वराला झटकन स्पर्श करून परत यायचे. नागमोडी रेघ आडवी असेल तर दोन बोटे जवळ ठेवून दुसऱ्या बोटाने तारेला हळुवार थापटत स्वर थरथरवायचा. रेघ उभी असेल तर एकाच बोटाने स्वर हेलकावत न्यायचा. तिसऱ्या ग्रंथापासून काही स्वरांवर ‘ए’ हे अक्षर येते: तिथे गजाने स्वर फुगवायचा. आपल्याकडच्या मींड, कण, आंदोलन यांना कुणी तीनशे वर्षांपूर्वी अशा खुणा देऊन छापले असते, तर ते पान जसे दिसले असते, तसे मारेचे पान दिसते.

त्याच्या 1725 च्या शेवटच्या ग्रंथात एक विलक्षण रचना आहे: मूत्राशयातील खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन. भूल देण्याचा काळ अजून शंभराहून अधिक वर्षे दूर होता. स्वरांच्या ओळीलगत मारेने छोटी वाक्ये छापली आहेत: उपकरण दिसते, ते पाहून रुग्ण शहारतो, त्यावर चढण्याचा निश्चय करतो. पुढे रुग्णाचा आवाज जवळजवळ जातो, रक्त वाहते, आणि अखेर रुग्णाला बिछान्यावर नेले जाते. काही वाद्यमेळ ही वाक्ये मोठ्याने वाचतात, काही फक्त वाजवतात. मला वाचून दाखवलेले आवडते, कारण व्हिओलचा एकेक आघात कशासाठी आहे हे तेव्हा अंगावर येते.

खुणांनीही सगळे भागत नाही. फ्रेंच संगीतात पायरीपायरीने चालणारे छोटे स्वर समान लांबीचे लिहीत, पण वाजवताना पहिला थोडा लांब आणि दुसरा थोडा आखूड असे झुलवत. किती झुलवायचे ते रचनेच्या स्वभावावर. फ्रान्स्वा कुपरँ या रचनाकाराने 1716 मध्ये हार्पसिकॉर्डवादनावरच्या आपल्या ग्रंथात स्पष्टच लिहिले, की आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरे, आणि म्हणून परदेशी लोक आमचे संगीत नीट वाजवू शकत नाहीत. त्याचा काका लुई कुपरँ याने तर हार्पसिकॉर्डसाठी असे प्रारंभखंड लिहिले, की त्यांत स्वरांना लांबीच दिलेली नाही. सगळे स्वर एकसारखे गोल, आणि कोणते एकमेकांत मिसळून ठेवायचे हे दाखवणाऱ्या लांबच लांब वळणदार रेघा. ताल नाही, मात्रा नाहीत. आलाप ऐकून वाढलेल्या माणसाला हे पान पाहून परके वाटत नाही.

मैफल सुरू होण्यापूर्वी आणि मध्यंतरात हार्पसिकॉर्डवर वाकून, एका हाताने पट्टी दाबत आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवत बसलेला माणूस बहुधा दिसतो. बऱ्याचदा तो स्वतः वादकच असतो. लाकडी पाट दिव्यांच्या उष्णतेने हलतो, हवेतल्या ओलीने तातीचा सूर ढळतो, आणि सगळे पुन्हा जुळवावे लागते. पण जुळवायचे कशाशी? आधुनिक वाद्यवृंदात मध्य सप्तकाचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला सुमारे 440 कंपनांवर ठेवतात. बरोक वाद्यमेळ बहुतेक वेळा 415 वर ठेवतात, म्हणजे अर्ध्या स्वराने खाली. फ्रेंच रचनांसाठी काही जण 392 पर्यंत उतरतात. त्या काळी गावोगाव पट्टी वेगळी असे, तेव्हा 415 हा आजच्या सोयीचा ठराव आहे. अनेक नव्या हार्पसिकॉर्डांची पट्ट्यांची चौकट एक घर बाजूला सरकवता येते, आणि 440 वरून 415 वर तसे जाता येते.

दुसरा प्रश्न स्वरांतरांचा, आणि तो मराठी श्रोत्याच्या अगदी जवळचा आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो आजच्या पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिले तर स्वयंभू गंधार सा पासून सुमारे 386 वर आणि पियानोचा 400 वर येतो. हार्मोनियमच्या स्वरांवर आपल्याकडे जो आक्षेप घेतला गेला आणि ज्यामुळे आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केले, त्यामागे इतर कारणांबरोबर हा फरकही होता. सतराव्या शतकातील युरोपीय वादकांनाही गंधार गोड हवा होता. म्हणून ते हार्पसिकॉर्डवर पंचम अगदी थोडे उतरवून शक्य तितके गंधार शुद्ध ठेवीत. त्याची किंमत अशी, की काही दूरच्या आधारस्वरांवर वाद्य बेसूर, जवळजवळ विव्हळल्यासारखे वाजे, आणि रचनाकार अशा जागा टाळत किंवा दुःखाच्या क्षणी मुद्दाम वापरत. व्हिओलवादक आपले पडदे केसभर सरकवून हार्पसिकॉर्डशी जुळवून घेतो. मात्र एकच पडदा साऱ्या तारांखालून जात असल्याने एका तारेवर साधलेली जागा दुसरीवर बिघडते, आणि उरलेली तफावत बोटाने सावरावी लागते.

इंग्लंडमध्ये हार्पसिकॉर्डशिवाय, नुसत्या व्हिओल वाद्यांच्या मेळाची परंपरा होती. लहान, मध्यम आणि मोठी वाद्ये एका पेटीत ठेवलेली असत, आणि घरातली व पाहुणी मंडळी मिळून वाजवीत. इंग्रज रचनाकार हेन्री पर्सेल विशीत असताना, 1680 च्या उन्हाळ्यात, अशा मेळासाठी फँटसी नावाच्या मुक्त घडणीच्या रचना लिहीत होता. तेव्हा ही चाल मागे पडू लागली होती. त्याच्या एका फँटसीत पाचांपैकी एक वादक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून असतो. बाकीचे चौघे त्याच्याभोवती रंग बदलत राहतात, आणि त्या न हलणाऱ्या स्वराचा अर्थ दर क्षणी नवा होतो. षड्ज ऐकत बसण्याची सवय असलेल्या कानाला ही रचना आधी ऐकवावी, असे मी सुचवीन.

व्हिओल का लोपले? तिकीट काढून ऐकण्याच्या मोठ्या सभागृहांत त्याचा आवाज पोहोचेना. 1740 मध्ये युबेर ल ब्लाँ या लेखकाने व्हायोलिन आणि चेलोच्या आक्रमणाविरुद्ध व्हिओलचा कैवार घेणारे पुस्तकच लिहिले, पण वारे फिरले होते. लंडनमध्ये कार्ल फ्रीडरिख आबेल 1787 मध्ये वारला, तेव्हा त्या पिढीतला शेवटचा नामांकित व्हिओलवादक गेला. कित्येक व्हिओलांची मान बदलून त्यांचे चेलो करण्यात आले. हार्पसिकॉर्डची जागा पियानोने घेतली.

शंभर वर्षांहून अधिक काळ गेल्यावर आर्नल्ड डॉल्मेच या वादक-कारागिराने जुनी वाद्ये दुरुस्त करायला, मग नवी घडवायला आणि जुने ग्रंथ वाचायला सुरुवात केली; 1925 मध्ये त्याने इंग्लंडमधील हॅझलमिअर या गावी जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला. वांडा लांडोव्स्का या वादिकेने हार्पसिकॉर्ड पुन्हा मोठ्या मंचावर आणले, पण तिचे प्लेयेल कंपनीचे वाद्य पियानोसारखे भक्कम आणि जड होते. बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी 1949 मध्ये कारखाना काढला आणि जुन्या वाद्यांची मापे घेऊन हलक्या बांधणीची हार्पसिकॉर्ड बनवली, तेव्हा कुठे तो पूर्वीचा मोकळा नाद परत मिळाला. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे 1933 मध्ये जुन्या संगीताची शाळा निघाली होती. तिथे आउगुस्ट व्हेन्त्सिंगरकडे शिकलेल्या जोर्दी साव्हालने 1974 मध्ये सहकाऱ्यांसह हेस्पेरिऑन हा वाद्यमेळ स्थापला, आणि मारेचे नाव जगभर पोहोचण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

या चळवळीवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो बाजूला सारणे योग्य होणार नाही. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टारस्किन यांचे म्हणणे असे होते, की ज्याला ‘अस्सल जुने’ वादन म्हणतात, ती खरे पाहता विसाव्या शतकाची अभिरुची आहे: चपळ, स्वच्छ, हलकी. मला हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य आहे. मारे नेमका कसा वाजवत असे हे ऐकायला ध्वनिमुद्रण नाही, आणि आपले कान तीनशे वर्षांनी जुने करता येत नाहीत. पण आकडे, खुणा, तात आणि पडदे यांचा अभ्यास केल्यावर वादकाला जे प्रश्न पडतात, ते आधुनिक चेलोवर तीच रचना वाजवताना पडत नाहीत, आणि त्या प्रश्नांतूनच वादन जिवंत होते. म्हणून दोन चांगले वाद्यमेळ तीच घंटांची रचना इतकी वेगळी वाजवतात. एक हार्पसिकॉर्डवादक प्रत्येक आवर्तनाला त्या तीन स्वरांवर भरघोस कॉर्ड घालून घंटांचा गजर उभा करतो; दुसरा बराच वेळ नुसते तीन स्वर वाजवत राहतो आणि व्हिओल वेगात शिरल्यावरच उजवा हात उचलतो.

घरी ध्वनिमुद्रण ऐकताना आवाज कमी ठेवावा. माइक वाद्याच्या अगदी जवळ लावलेला असल्याने हार्पसिकॉर्ड मोठ्या आवाजात पत्र्यासारखे खणखणते आणि व्हिओल उगाच जाड होते. प्रत्यक्षात ही दोन्ही वाद्ये मिळून शेजारच्या खोलीतल्या संभाषणाइतकीच ऐकू येतात. आवाज तेवढ्यावर आणला, की काही मिनिटांत कान आपोआप पुढे सरकतो आणि गज तारेला लागण्याआधीचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागतो.